मदत हवी आहे: खासदार निधीतल्या प्रशिक्षण केंद्राचा चालू खर्च

गावातल्या शिवणकाम प्रशिक्षण केंद्रासाठी दोन खोल्यांचं बांधकाम खासदार निधीतून प्रस्तावित आहे. खासदार फक्त शिफारस करतात. तपासणी आणि मंजुरी जिल्हा प्रशासनाची. निधी प्रत्येक खासदारामागे वर्षाला 5 कोटी, पण तो टिकाऊ मालमत्तेसाठी. प्रशिक्षकाचं मानधन, वीजबिल, धागा-कापड त्यात बसत नाही. गाडी नेमकी इथेच अडते: खोल्या होतात, फलक लागतो (तो मात्र वेळेवर!), उपयोगिता प्रमाणपत्रही (निधी कामावर खर्च झाल्याचा दाखला) जातं आणि दाराला कुलूप.

देखभालीचं हमीपत्र ग्रामपंचायतीने द्यायचं आहे. तुमच्या गावात असं केंद्र झालं असेल, तर त्यात मानधनाची तरतूद कोणत्या निधीतून दाखवली? ग्रामपंचायतीच्या ठरावाचा मजकूर कसा होता? आणि जागेच्या सातबाऱ्यावर गावठाण असेल तर आणखी कोणती कागदपत्रं मागतात?