मदत हवी आहे: ७ वर्षांच्या मुलीसाठी सोलापुरात जिम्नॅस्टिक्सचा क्लास कसा निवडू?

नमस्कार मंडळी,

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मुलगी दुसरीत आहे. दिवाण दिसला की कोलांटी, भिंत दिसली की पाय वर, असा एकूण कारभार. आता युट्यूब बघून गादीवर बॅकफ्लिप मारायला निघाली, तेव्हा म्हटलं, शिकवणारं माणूस शोधलेलं बरं.

दोन ठिकाणं बघून आले. नावं मुद्दाम देत नाही.

पहिलं घरापासून चालत जाण्यासारखं. कार्यालयाचा हॉल, शहाबादी फरशी, त्यावर योगासनाला वापरतात तसल्या चटया. फी कमी, सर हसतमुख, भिंतभर मेडल. मुलं पटापट कमानी टाकून दाखवतात आणि व्हिडिओ लगेच पालकांच्या ग्रुपवर. पण मी बसले होते तेव्हा एक चिमुरडी स्प्लिटमध्ये (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना ताणून जमिनीवर बसणं) पूर्ण खाली जाईना, तर सरांनी तिच्या खांद्यांवर भार देऊन तिला दाबलं. ती रडायला लागली. शेजारच्या बाई म्हणाल्या, 'सुरुवातीला सगळ्याच रडतात हो.' पालकांनी येऊन बसलेलं सरांना चालत नाही, मुलं बिथरतात म्हणे. मला त्या दिवशी नवीन म्हणून बसू दिलं.

दुसरं पार पूर्व भागात. पत्र्याचं शेड, पण गाद्या जाडजूड, तोल सांभाळत चालायचा जमिनीलगतचा एक बीम, भिंतीला लाकडी शिड्या. मॅडम शिकवतात. तिथे सगळं इतकं सावकाश की लेक पहिल्याच दिवशी कंटाळली: कोलांट्या, लोंबकळणं, आणि चक्क पडण्याची प्रॅक्टिस! स्पर्धांचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, 'दोन वर्षांनी विचारा.' शिवाय मे महिन्यात त्या पत्र्याखाली काय होत असेल, सोलापूरकरांना सांगायला नको.

मन दुसऱ्या ठिकाणाकडे ओढतंय, पण रोज एवढं लांब नेणं झेपेल का, आणि या संथपणाला काही अर्थ आहे का, ते कळत नाही. सासूबाईंचं म्हणणं, उंची खुंटेल. मुलीचे तळपाय सपाट आहेत. डॉक्टर म्हणाले काळजीचं काही नाही, तरी विचारते. आणि ह्यांचं म्हणणं, जिम्नॅस्टिक्स कशाला, मल्लखांबाला घाल. जाणकारांनी सांगा.

शेंगाचटणी
ताई, रडणाऱ्या लेकराला दाबायलेत आणि बाकीच्या आया बघत बसल्यात, तिथं फुकट असलं तरी घालू नका की.

मल्लखांबाचं म्हणाल तर माझा पोरगा करतो. ताकद लय येते, पकड तर विचारू नका. मुली दोरीवरचा करतातच, पुरलेल्या खांबावरचाही करतात. २०२२ मध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत मल्लखांब होता, म्हणजे पुढे वाट नाही असंही नाही. पण खेळ वेगळा आहे. पोरीला उड्या आणि कोलांट्यांचं वेड असेल तर खांबावर मन रमेल का, ते तिलाच एक दिवस चढवून बघा. आणि गाद्या तिथंही बघायच्या.

बीमवरची
मी शाळा-कॉलेजात आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स केलंय, आता पुण्यात लहान मुलांना शिकवते. तुम्ही ज्याला संथपणा म्हणताय तेच खरं शिक्षण आहे.

मूल पडतं तेव्हा आपोआप हात मागे टाकतं, कोपर ताठ, आणि सगळं वजन मनगटावर. मनगट-कोपराची हाडं मोडतात ती बरीचशी अशी. हनुवटी आत, पाठ गोल, हात पुढे ठेवून घरंगळणं अंगात मुरलं की पुढची प्रत्येक कसरत निम्मी सोपी होते. लोंबकळण्याने खांदे तयार होतात. हे सगळं टाळून कमान आणि बॅकफ्लिपचे व्हिडिओ लवकर काढता येतात, पण ते वजन कंबर आणि मनगटं पेलत असतात. या वयात हाडांच्या टोकांजवळचा वाढीचा भाग अजून कूर्चेचा असतो.

फरशीचंही तेच. स्पर्धेतला फ्लोअर १२ बाय १२ मीटरचा असतो आणि खाली स्प्रिंग असतात. साधनांवरून उतरायच्या गाद्या २० सेंटिमीटर जाड. तुमच्या मुलीला आत्ता एवढ्याची गरज नाही, पण शहाबादीवर योगाची चटई म्हणजे फरशीच, वर ती घसरते.

दाबण्याबद्दल: लवचिकता महिनोन्‌महिने रोज थोडी ताणून येते. शिक्षकाने वरून वजन टाकलं तर मांडीचे, जांघेचे स्नायू फाटू शकतात. त्याहून वाईट म्हणजे दुखलं तरी गप्प बसायचं हे मूल शिकतं. चांगला शिक्षक हात लावण्याआधी सांगतो, आणि आधार देतो तो पडू नये म्हणून. पालक रोज नकोत हे मी समजू शकते, मलाही आया खिडकीतून सूचना देतात तेव्हा वैताग येतो. पण न सांगता कधीही येऊन बघायची मुभा हवीच. ती नसेल तर विषय तिथेच संपला.

मेडल कुठल्या स्पर्धेचं, ते विचारा. शालेय स्पर्धांचे गटच १४, १७ आणि १९ वर्षांखालील. मुलींना आंतरराष्ट्रीय सीनियर स्पर्धेत उतरायला त्या वर्षात तरी सोळा पूर्ण व्हावी लागतात. सातव्या वर्षी घाई कसली? जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन शालेय जिम्नॅस्टिक्समध्ये कुठली मुलं उतरतात आणि ती कुठे शिकतात, हे विचारता येईल.

सासूबाईंना सांगा, उंची खुंटत नाही. बुटक्या मुलींना हवेत फिरणं सोपं जातं म्हणून त्या वरपर्यंत टिकतात. अमेरिकेची ऑलिंपिक विजेती सिमोन बाइल्स १४२ सेंटिमीटर आहे. आठवड्याला दोन-तीन तास खेळणाऱ्या मुलीला ही भीती नाही. आणि सपाट तळपायांचं म्हणाल तर दीपा कर्माकरचेही तसेच होते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती व्हॉल्टला (धावत येऊन टेबलावरून मारायची उडी) चौथी आली. तिच्या पायांवर लहानपणी खूप मेहनत घ्यावी लागली हे खरं, पण तुमच्या डॉक्टरांनी होकार दिलाय ना, मग झालं.

रोज नेऊ नका. या वयात आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. उन्हाळ्यात सकाळची बॅच असते का, एवढं मात्र मॅडमना आत्ताच विचारून ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती
खूप आभार दोघांचेही. मॅडमना फोन केला, एप्रिलपासून सकाळी साडेसहाची बॅच असते म्हणाल्या. आठवड्यातून तीनदा जमेल, फक्त नळाला पाणी यायच्या दिवशी मला घर सोडता येत नाही. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडवरून पूर्व भागात मुलांना नेणारं कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रिक्षा वाटून घेऊ.