मदत हवी आहे : चालती गाडी अचानक बंद पडते

घाटवाट :
माझी २००६ सालची पेट्रोल गाडी चालता चालता अचानक बंद पडते. कधी खंबाटकी घाट चढताना, तर कधी सिग्नलला उभी असताना असे होते. मग कितीही सेल मारला तरी अर्धा तास ती सुरू होत नाही. त्यानंतर मात्र पहिल्याच सेलला चालू होते. प्लग आणि बॅटरी नवीन आहेत. गॅरेजमध्ये ती एकदाही बंद पडत नाही, त्यामुळे मेकॅनिकला दोष सापडत नाही. पुढच्या आठवड्यात आईला कोल्हापूरला न्यायचे आहे, तरी कृपया नेमका उपाय सांगावा.

सुटेभाग :
एवढ्यावरून निदान होणार नाही. गाडी झटके देत बंद पडते की एकदम? बंद पडल्यावर किल्ली फिरवली असता पेट्रोल पंपाची दोन-तीन सेकंदांची घरघर ऐकू येते का?

निवांत_चालक :
दोष इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या खराब करते. टाकी रिकामी करून धुऊन घ्या. माझी गाडी त्यानेच सुधारली.

सुटेभाग :
टाकीत पाणी असते, तर अर्ध्या तासाने ते नाहीसे झाले नसते. येथे गाडी थंड झाली की सुरू होते, हा धागा सोडू नये.

घाटवाट :
एकदम बंद पडते, झटके नाहीत. घरघर ऐकू येते. शिवाय पेट्रोलचा प्रश्नच येत नाही, कारण गाडी बहुतेक वेळ सीएनजीवरच चालते.

सुटेभाग :
सीएनजी किट आहे, हे मूळ प्रश्नातच यायला हवे होते! गाडी दोन्ही इंधनांवर तशीच बंद पडते का? तसे असेल, तर इंधनापेक्षा दोन्हींना सामायिक असलेल्या भागांवर, म्हणजे क्रँक सेन्सर (इंजिनाच्या फेऱ्या मोजणारा), कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी), मुख्य रिले (इंजिनाचा वीजपुरवठा चालू-बंद करणारा) यांवर संशय घ्यावा लागेल.

हिशोबी :
वीस वर्षांच्या गाडीवर खर्च कशाला करता? नोंदणीचे नूतनीकरण, फिटनेस, हरित कर यांचा विचार करता ती विकून टाकणेच शहाणपणाचे ठरेल.

घाटवाट :
नूतनीकरण झालेले आहे आणि गाडी विकायची नाही. होय, दोन्ही इंधनांवर बंद पडते. गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावला होता, त्यात काहीच दिसले नाही.

सुटेभाग :
क्रँक सेन्सर तापल्यावर आतली तार तुटक होते आणि निवल्यावर पुन्हा जुळते. त्याची नोंद संगणकात प्रत्येक वेळी होतेच असे नाही. पुढच्या वेळी आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या, काट्याकडे पाहा. गाडी गिअरमध्ये असताना चाके इंजिनाला फिरवत राहतात, म्हणून काटा वेगाबरोबर हळूहळू उतरायला हवा. तो क्षणात शून्यावर आला आणि डॅशबोर्डवरचे दिवे मात्र लागलेलेच राहिले, तर सेन्सर किंवा त्याची वायर हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे. ब्रेक मात्र वारंवार दाबू नका. इंजिन थांबल्यावर एक-दोनदाच ते हलक्या दाबाने लागतात, नंतर पायाखाली दगडासारखे घट्ट होतात.

गिरणगावकर :
सेन्सर विकत घेण्याआधी किटचे वायरिंग उघडून पाहावे. आरपीएमचा संकेत घेण्यासाठी मूळ वायर सोलून नुसती चिकटपट्टी गुंडाळलेले जोड मी पाहिले आहेत, आणि तसा जोडही तापला की सुटतो.

निवांत_चालक :
तरीही टाकी धुऊन घेण्यात नुकसान काय?

घाटवाट :
काल वाई फाट्याजवळ काटा खरोखरच एकदम शून्यावर आला. दिवे लागलेले होते. आज जोड उघडला, तर चिकटपट्टीखाली तार हिरवी पडलेली आहे. ती डाग देऊन जोडावी की सेन्सरही त्याच वेळी बदलावा, एवढेच आता सांगावे.