गुडघ्याचं लिगामेंट: ऑपरेशन झालेल्यांनी लिहा

सड्यावरची
काल पालखी नाचवताना शेजारचा मुलगा पाय वळून बसला. म्हणाला, "काकी, आत कट्ट वाजलं." तो आवाज ओळखीचा आहे हो. कॉलेजात कबड्डीत चढाई करताना माझाही वाजला होता. सूज उतरली, चालायलाही लागले, पण जांभ्याच्या पायऱ्या उतरताना गुडघा निसटायचा. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं. मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंचे दोर (टेंडन) घेऊन दुर्बिणीतून नवं लिगामेंट बसवलं. ऑपरेशन निभावलं, छळलं ते पाय सरळ करण्याने. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा अधांतरी, आणि वर आजी विचारणार, "नुसती लोळतेस होय?"
तुमचं कसं झालं?

बांगडाफ्राय
फिजिओ म्हणे मांडी आवळा. मी आवळतोय, मांडी ढिम्म! सूज असली की मांडीचा स्नायू संपच करतो म्हणे. शेवटी करंट लावून जागा केला.

मांगरातलो
माझ्या मेनिस्कसाक, म्हणजे गुडघ्यातल्या गादयेक, पण टाके, म्हणान पाय भुयेक टेकूक दिल्यानी नाय. घरात कमोड नाय. बापाशीन प्लास्टिकच्या खुर्चयेक करवतीन भोक पाडून दिल्यान.

सड्यावरची
😂😂 खुर्ची आहे का अजून?

मांगरातलो
आसा मा. गणपतीत एका चाकरमान्याक चुकान तीच बसाक दिली.

कुळीथपिठी
मुलग्याचं गेल्या वर्षी कोल्हापूरला केलं. घाटातून परत येताना पाय मागच्या सीटवर आडवा, मी पायाशी अंग चोरून. एक सांगते, दोन-तीन महिन्यांनी दुखणं जातं आणि पोरं सोकावतात. आत बसवलेलं नवं लिगामेंट तेव्हाच सगळ्यात कच्चं असतं, रक्तपुरवठा नव्याने होत असतो. नऊ महिन्यांच्या आत मैदान नाही म्हणजे नाही. ऋषभ पंतचा अपघात डिसेंबर २०२२चा, तो खेळला मार्च २०२४ला! (त्याला बाकीचंही बरंच लागलं होतं म्हणा.)

भातखाचर
मी ५२. गेल्या चिखलणीत घसरले, एसीएल गेलंय. ऑपरेशन करावंच लागतं का? लावणी जवळ येतेय.

कुळीथपिठी
ताई, रोजच्या कामात गुडघा निसटतो का, त्यावर आहे. नुसत्या व्यायामावरही बऱ्याच जणांचं भागतं. पण चिखलात पाय रुतून अंग वळलं की कठीण. हाडाच्या डॉक्टरांना लावणीचं स्पष्ट सांगा, त्यांना वाटतं आपण घरातच असतो.

भातखाचर
बरं. जावेला सांगून बघते यंदा. ती आधीच तोंड फुगवून आहे 😐

रेवदंडी
पोटरी एकदम सुजून दुखायला लागली तर तेल चोळत बसू नका कोणी. तडक डॉक्टर गाठा. गुठळी असू शकते.
बांगडाफ्राय, आयडी वाचून भूक लागली. बांगडा काय भावाने तिकडे?

बांगडाफ्राय
विचारू नका. आम्ही आयडीवरच भागवतो.

सड्यावरची
शेजारच्याचा एमआरआय उद्या. आई त्याची रडतेय, तो विचारतोय पुढच्या शिमग्याला नाचता येईल ना.
मांगरातलो, खुर्चीचा फोटो टाका.

मांगरातलो
खुडूक कोंबडी बसली हा तेच्यार. उठली की टाकतंय.