मिसुरी नदीच्या काठाने सेंट लुईस ते मोंटाना: कुठे थांबावं, काय सोडावं?

काठाकाठाने:
नमस्कार मंडळी. जुलैच्या शेवटी दोन आठवडे गाडीने निघतोय. आम्ही दोघं, सातवीतला मुलगा आणि सांगलीहून आलेले आई-बाबा. मुलाला शाळेत लुईस आणि क्लार्कची मोहीम (1804-06, मिसुरीने वर जाऊन पुढे पॅसिफिकपर्यंत) आहे. त्याचं पुस्तक बाबांनी (निवृत्त इतिहास शिक्षक) वाचून काढलं आणि नकाशावर बोट ठेवून विचारलं, "सगळे पश्चिमेला गेले म्हणता, आणि ही नदी तर मध्येच उत्तरेकडे वळते. मग हिच्यामुळे नेमकं काय झालं?" तेव्हापासून घरात हाच विषय आहे.

सेंट लुईसहून मिसुरीच्या काठाने मोंटानापर्यंत जायचंय. लुईस-क्लार्कच्या पाट्या जागोजागी आहेत, प्रत्येक ठिकाणी थांबणं शक्य नाही. वेळ कुठे द्यावा? आईला गुडघ्यांमुळे चढ जमत नाही, आणि दोघंही शाकाहारी.

ओमाहावासी:
काकांचा प्रश्न अगदी मर्मावरचा आहे. उत्तर कॅन्सस सिटीत मिळतं. सेंट लुईसपासून तिथपर्यंत, प्रवाहाविरुद्ध जाताना, नदी सरळ पश्चिमेला नेते आणि तिथे उत्तरेला वळते. म्हणूनच पश्चिम किनाऱ्याकडे ऑरेगनला वस्तीला जाणारी कुटुंबं सेंट लुईसला आगबोटीत बसायची, बैलगाडीचे अडीचशे मैल वाचवायची आणि वळणाजवळ इंडिपेन्डन्स किंवा वेस्टपोर्टला उतरून पुढची दोन हजार मैलांची वाट धरायची. काही जण आणखी वर सेंट जोसेफ किंवा कौन्सिल ब्लफ्सपर्यंत जायचे. नदी जिथे सोडायची तिथे बाजारपेठ उभी राहिली: बैल, गाड्या, पीठ, बंदुका, सगळं तिथेच घ्यायचं. आजची शहरं त्याच धक्क्यांवर वाढलीत.

माझं ठाम मत: कॅन्सस सिटीतल्या 'अरेबिया' आगबोटीच्या संग्रहालयाला अर्धा दिवस द्या. सप्टेंबर 1856 मध्ये पार्कव्हिलजवळ पाण्याखाली रुतलेल्या अक्रोडाच्या खोडाने तिचं पोट फाडलं आणि काही मिनिटांत ती गेली. माणसं सगळी वाचली, मागे बांधलेलं एक खेचर तेवढं बुडालं. पुढे नदीने पात्र बदललं. 1988 मध्ये बोट खणायला घेतली ती मक्याच्या शेताखाली, पात्रापासून अर्धा मैल दूर, 45 फूट खोल. आत पश्चिमेच्या नव्या वस्त्यांतल्या दुकानांसाठी भरलेला माल जसाच्या तसा: बूट, चिनी मातीची भांडी, बटणं, मणी, बिजागऱ्या, बाटल्यांतली लोणची. ज्या खोडाने बोट बुडवली ते खोडही तिथेच ठेवलंय. मुलांना 'पश्चिमेकडे विस्तार' म्हणजे घोड्यावरचा माणूस वाटतो. तिथे कळतं की विस्तार म्हणजे हजारो जोडी बूट आणि दाराच्या कड्या वेळेवर पोचवणं. (जाण्याआधी वेळ आणि पत्ता त्यांच्या साइटवर बघून घ्या.)

तसाच 'बर्ट्रांड' बोटीचा माल ओमाहाच्या उत्तरेला डीसोटो अभयारण्यात आहे. ही 1 एप्रिल 1865 ला मोंटानाच्या सोन्याच्या खाणींकडे जाताना बुडाली. दोन्ही जमत नसतील तर अरेबियाच बघा.

दूरचा_डोंगर:
सुरुवात खरं तर पिट्सबर्गपासून करायला हवी. लुईसची कीलबोट (वल्ही, शीड आणि दोर यांवर चालणारी लांब नदीबोट) तिथे बांधली, ऑगस्ट 1803 अखेर तो ओहायो नदीने निघाला. ओहायोशिवाय मिसुरी नाहीच.

ओमाहावासी:
बरोबर, पण दोन आठवड्यांत आई-बाबांना घेऊन नको. त्याऐवजी सेंट लुईससमोर, इलिनॉयच्या बाजूला हार्टफर्डचं लुईस-क्लार्क माहिती केंद्र करा. 55 फुटी कीलबोट खऱ्या मापाची बांधून एका बाजूने उघडी ठेवलीय, आतलं सामान कसं रचलं होतं ते दिसतं. मे 1804 मध्ये मोहीम तिथूनच निघाली. वारा नसला की माणसं काठावरून दोराने ती बोट प्रवाहाविरुद्ध ओढायची.

मक्याचं_कणीस:
बिस्मार्कमध्ये काही वर्षं राहिले आहे, म्हणून आग्रहाने लिहिते. नॉर्थ डकोटात स्टँटनजवळचं नाइफ रिव्हर, म्हणजे जुन्या मूळ अमेरिकी गावांचं जतन केलेलं ठिकाण, चुकवू नका. सपाट आहे, काकू आरामात फिरतील. मातीचं एक घुमटाकार घर पुन्हा बांधलंय, पण खरी गोष्ट बाहेरच्या गवतात आहे. जमिनीवर गोल खोलगट खुणा दिसतात. एकेक खूण म्हणजे एकेक घर. मोहिमेबरोबर दुभाषी म्हणून गेलेली सकाकाविया याच गावांपैकी एका गावात राहत होती.

पुस्तकात ही मोहीम निर्जन प्रदेशात गेल्यासारखी येते. प्रत्यक्षात इथे मंडन आणि हिदात्सा या मूळ अमेरिकी जमातींची भरलेली गावं होती, शेती होती, दूरदूरचे लोक घोडे, कातडी आणि मका यांच्या देवघेवीला यायचे. मोहिमेने 1804-05 चा हिवाळा शेजारीच काढला आणि तो निभावला या गावांतल्या बायकांनी पिकवलेल्या मक्यावर. मोहिमेतला लोहार लढाईच्या कुऱ्हाडी घडवायचा आणि बदल्यात मका मिळायचा. मुलाला हे नक्की सांगा.

आणि पुढचंही सांगा. 1837 मध्ये फर कंपनीच्या 'सेंट पीटर्स' आगबोटीबरोबर देवीची साथ आली. दोन हजारांच्या आसपास असलेल्या मंडन लोकांपैकी सव्वाशेच्या आसपास उरले. जी नदी माल आणत होती तिनेच रोग आणला. वाचलेले लोक हिदात्सा आणि अरिकारांबरोबर एकत्र राहिले, तर 1950 च्या दशकात गॅरिसन धरणाने त्यांची दीड लाख एकरांहून जास्त जमीन घेतली. नदीकाठची सगळ्यात कसदार जमीन होती ती, एल्बोवुड्स गावासकट. करारावर सही होत असताना जमातीचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट चेहरा झाकून रडताहेत असा 1948 चा फोटो आहे. त्या जलाशयाला नाव दिलंय लेक सकाकाविया. मला त्या पाण्याजवळ उभं राहताना ते नाव फार टोचतं.

काठाकाठाने:
हे वाचून बाबांना रात्रभर वाचायला विषय मिळाला. नाइफ रिव्हरला पूर्ण दिवस ठेवते. पुढे मोंटानात काय?

रानवाट:
मोंटानात तीन ठिकाणं. पहिलं फोर्ट बेंटन. आगबोटी याच्यापुढे जाऊ शकत नव्हत्या, समोर धबधबे. 1860 मध्ये पहिल्या बोटी इथवर पोचल्या, दोनच वर्षांत बॅनकला सोनं सापडलं आणि समुद्रापासून इतक्या आत असलेलं हे गाव बंदर झालं. काठावर नुसतं चालत जा, फार छान आहे.

दुसरं ग्रेट फॉल्सचं लुईस-क्लार्क माहिती केंद्र. पाच धबधबे टाळायला मोहिमेने बोटी सुमारे 18 मैल जमिनीवरून ओढल्या. कॉटनवुडच्या खोडाचे काप करून चाकं केली. पायांत निवडुंगाचे काटे घुसत होते. सगळं मिळून महिनाभर गेला. लुईसने लोखंडी सांगाड्याची बोट मुद्दाम घडवून आणली होती, पण चामड्याच्या शिवणी बुजवायला पाइनचं डांबर लागतं आणि त्या भागात पाइन नव्हते. पाणी आत आलं, बोट सोडून द्यावी लागली. सातवीच्या मुलाला हा प्रसंग सगळ्यात आवडेल. धबधब्यांवर आता धरणं आहेत, त्यामुळे पूर्वीच्या रूपाची अपेक्षा ठेवून जाऊ नका.

तिसरं, हेलेनाजवळ 'गेट्स ऑफ द माउंटन्स'. बोटीची फेरी साधारण दोन तासांची, बसूनच बघायचंय, काकूंसाठी उत्तम. बोट जवळ जाते तसे कडे बाजूला सरकल्यासारखे वाटतात. उन्हाळ्यातच चालते, आरक्षण आधी करा. व्हाइट क्लिफ्सची कॅनू सफर अप्रतिम आहे, पण तीन दिवस तंबूत राहावं लागतं. या खेपेला सोडा.

काठाकाठाने:
आणि जेवणाचं?

मक्याचं_कणीस:
बिस्मार्कला किराणा भरून घ्या, पुढे छोट्या गावांत सॅलड आणि फ्राइजवरच भागवावं लागेल. स्वयंपाकघर असलेल्या खोल्या बघा, कुकर आणि मेतकूट बरोबर असू द्या. निघण्याआधी मोहिमेच्या रोजनिश्या नेब्रास्का विद्यापीठाच्या साइटवर फुकट वाचता येतात. तुम्ही ज्या ठिकाणी मुक्काम कराल तिथली त्यांची नोंद रात्री मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या.

रानवाट:
एक राहिलं. सेंट लुईसची कमान शेवटी नको, सुरुवातीलाच करा. तिच्या खालचं संग्रहालय आधी बघितलं की काका वाटेत प्रत्येक ठिकाणी विचारायला प्रश्न घेऊनच उतरतील. आणि जुलैअखेर डकोटात ऊन कडक असतं, नाइफ रिव्हरला सकाळी पोचा.