मदत हवी आहे : घरकामगार बायकांवरच्या संशोधनासाठी फेलोशिपचा अर्ज

मोकळा_समास

नमस्कार मंडळी,

सामाजिक बदलासाठी संशोधन करणाऱ्या तरुणांना मिळणाऱ्या एका बारा महिन्यांच्या फेलोशिपसाठी अर्ज करायचा आहे. मुदत संपायला सहा आठवडे आहेत. विषय घरकाम करणाऱ्या बायकांचे कामाचे तास आणि सुट्टी. मागितलंय ते असं : १५०० शब्दांचा प्रस्ताव, वेळापत्रक, बजेट, दोन शिफारसपत्रं, नैतिकतेवर टिपण आणि 'बदलाचा आराखडा' नावाचं एक पान. घरकामगारांची एक संघटना यजमान व्हायला तयार आहे.

अडलेल्या गोष्टी :

१. प्रश्न सध्या 'घरकामगार स्त्रियांच्या समस्यांचा अभ्यास' असा लिहिलाय. फार पसरट आहे हे कळतंय, पण कुठून छाटू?
२. ४०० जणींचं सर्वेक्षण आणि ४० मुलाखती असा विचार आहे. एकटीच्याने होईल का?
३. बदलाच्या आराखड्यात नेमकं काय लिहायचं?
४. मुलाखत देणाऱ्यांना पैसे द्यावेत का? बजेटमध्ये ते कुठे दाखवायचे?
५. संघटनेकडे नैतिकता समिती (संशोधनाला आधी मंजुरी देणारी) नाही. मग काय करायचं?

---

पाणवठा

आधी एक तपासून घ्या. 'फेलोशिप' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात. अशोका (१९८०पासून) किंवा एकोइंग ग्रीन (१९८७पासून) या सामाजिक उद्योजकांना पाठबळ देणाऱ्या संस्थांचा भर नवी कल्पना आणि ती उभी करणारी व्यक्ती यांवर असतो. तिथे नुसता अभ्यासाचा प्रस्ताव कितीही चांगला असला तरी बसत नाही. दुसरा प्रकार शिक्षण आणि नेतृत्वाचा. उदाहरणार्थ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या अटलांटिक फेलोज कार्यक्रमात निवासी आणि अनिवासी अशा दोन वाटा आहेत आणि निवासी वाटेत पदव्युत्तर अभ्यासक्रमच करावा लागतो. तिसरा प्रकार संशोधनाचा. त्यात प्रश्न, पद्धत आणि निष्कर्ष कोणाच्या उपयोगाचे हे बघतात. तुमच्याकडून बदलाचा आराखडा आणि नैतिकतेचं टिपण दोन्ही मागितलंय, म्हणजे हा तिसरा प्रकार. तेव्हा स्वतःच्या प्रेरणेवर दोन परिच्छेद खर्च करू नका, दोन वाक्यं पुरेत.

आता प्रश्नाबद्दल. 'समस्यांचा अभ्यास' या शीर्षकाचे अर्ज ढिगाने येतात आणि पहिल्याच चाळणीत गळतात, कारण अभ्यास संपला हे कशावरून ओळखायचं तेच त्यात नसतं. उलट्या बाजूने या : कोणाला, कोणता निर्णय घ्यायचाय आणि त्याला कोणती माहिती कमी पडतेय?

तुमच्या विषयात हे सोपं आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा घरकामगारांबद्दलचा करार क्र. १८९ (२०११) उघडा आणि कलम १० वाचा. त्यात आठवड्याला सलग किमान २४ तासांची विश्रांती सांगितली आहे. दुसरंही एक आहे, ज्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही : काम चालू नसतानाही मालकाच्या हाकेला हजर राहावं लागणारा वेळ हा कामाचा वेळ धरायचा. किती प्रमाणात, ते त्या त्या देशाच्या कायद्यावर किंवा सामूहिक करारावर सोडलंय. म्हणजे मोजण्यासारख्या दोन ठोस गोष्टी आयत्या हातात आल्या. प्रश्न असा होऊ शकतो :

'घरी राहून काम करणाऱ्या आणि येऊन-जाऊन काम करणाऱ्या बायकांना आठवड्यात सलग २४ तास मोकळे मिळतात का, आणि हाकेला हजर राहण्याचा वेळ कोणत्या कामांमुळे वाढतो?'

संघटना मालकांसाठी कराराचा नमुना बनवत असेल, तर या उत्तराचा त्यात थेट उपयोग होतो. वेतन, आरोग्य, मुलांचं शिक्षण हे सगळं यातून वगळलंय असं प्रस्तावात स्पष्ट लिहा. काय करणार नाही ते सांगितलं की अर्ज वाचणाऱ्याचा विश्वास वाढतो.

---

कोरडा_आकडा

प्रश्न क्र. २ : नाही होणार. हिशोब मांडतो.

एका तासाची मुलाखत ऐकून शब्दशः उतरवायला ४ ते ६ तास जातात. ५ धरू. भाषांतर लागणार असेल तर आणखी ३, कोडिंगला (मजकुरावर मुद्द्यांनुसार खुणा करायला) अडीच. ४० मुलाखतींचे २०० + १२० + १०० = ४२० तास. दिवसाला सहा तास खरं काम होतं असं धरलं तर ७० कामाचे दिवस, आणि यात मुलाखती घेण्याचा वेळ धरलेलाच नाही. सर्वेक्षणात बाई शोधणं, वेळ ठरवणं, ठरलेली वेळ मोडणं, पुन्हा जाणं हे धरून दिवसाला चार फॉर्म भरून झाले तरी खूप. म्हणजे ४०० फॉर्मना १०० दिवस. एकूण १७० झाले. वर्षात कामाचे दिवस साधारण २४० ते २५०. उरलेल्या ७०-८० दिवसांत नैतिकता मंजुरी, प्रश्नावलीची चाचणी, मुलाखती, विश्लेषण, लेखन आणि निष्कर्ष परत नेणं. जमत नाही, आणि निवड समितीतल्या अनुभवी माणसाला ते दोन मिनिटांत दिसतं.

दुसरं, ४०० आकडा आला कुठून? बहुतेक ३८४वरून. ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चूक-मर्यादा आणि प्रमाण ०.५ धरलं की १.९६ × १.९६ × ०.२५ ÷ ०.००२५ = ३८४. गणित बरोबर आहे, पण ते यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या काढल्यासारख्या निवडीसाठी. त्याला यादी लागते. घरकामगारांची पूर्ण यादी बहुतेक ठिकाणी नसतेच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ७ कोटी ५६ लाख घरकामगारांपैकी ८१ टक्के अनौपचारिक रोजगारात आहेत. तुम्ही तुमच्या यजमान संघटनेच्या ओळखीतून साखळी पद्धतीने (एकीकडून दुसरीकडे जात) ४०० जणी गाठल्या, तर तो संघटनेच्या ओळखीतल्या बायकांचा आकडा होईल, आणि त्यांना सुट्टी जास्त मिळत असण्याची शक्यता आहे. 'अमुक टक्के घरकामगारांना सुट्टी मिळते' हे वाक्य त्यातून लिहिता येणार नाही.

यादी नसलेल्या गटांसाठी कूपनची पद्धत आहे (डग्लस हेकाथॉर्न, १९९७). प्रत्येकीला ठराविक, साधारण दोन-तीन, कूपनं द्यायची आणि कोणी कोणाला आणलं, प्रत्येकीच्या ओळखी किती याची नोंद ठेवून नंतर भारांकन करायचं, म्हणजे प्रत्येकीच्या उत्तराला त्यानुसार कमी-जास्त वजन द्यायचं. पद्धत चांगली आहे, पण एकटीने पहिल्याच वर्षी तिच्या वाटेला जाऊ नका.

माझ्या मते हे करा : सर्वेक्षण काढून टाका. २४ जणी घ्या, १२ घरी राहणाऱ्या आणि १२ येऊन-जाऊन काम करणाऱ्या. १२ या आकड्याला आधार आहे : गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या २००६च्या अभ्यासात ६० मुलाखतींपैकी पहिल्या १२मध्येच बहुतेक मुद्दे येऊन गेले होते. अर्थात गट बऱ्यापैकी एकसारखा असेल तरच, म्हणून १२ प्रत्येक गटात हव्यात. प्रत्येकीची सात दिवसांची वेळ-नोंद आणि शेवटी एक तासाची मुलाखत. नोंदी होतात १६८ दिवसांच्या. मुलाखतींचं काम २४ × १०.५ (वरचे ५ + ३ + २.५) = २५२ तास, म्हणजे ४२ दिवस. हे वर्षात बसतं.

वेळ-नोंद लिहून मागू नका. झोपण्यापूर्वी दोन मिनिटांचा आवाजी निरोप किंवा चित्रं असलेला घड्याळाचा तक्ता द्या. तीन रकाने पुरतात : काम, हाकेला हजर, मोकळी. पाच-सहा केलेत तर तिसऱ्या दिवसापासून नोंदी अंदाजाने भरल्या जातात. पहिला दिवस सरावाचा धरून आठ दिवस गोळा करा आणि पहिला टाकून द्या.

---

उंबरठा

+१. सर्वेक्षण काढलंच पाहिजे.

नैतिकतेबद्दल. समिती नसणं ही अडचण नाही, पण ते लपवणं महागात पडतं. एखाद्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांना सहमार्गदर्शक व्हायला सांगा आणि त्यांच्या समितीकडून मंजुरी घ्या. दोन-तीन महिने लागू शकतात, त्यामुळे वेळापत्रकात पहिले तीन महिने क्षेत्रकाम दाखवू नका. वाचन, प्रश्नावलीसारखी साधनं, संघटनेशी करारनामा हे दाखवा. टिपणात नुसतं 'गोपनीयता पाळली जाईल' लिहून भागत नाही. माणसांवरच्या संशोधनाच्या नैतिकतेबद्दल अमेरिकेत निघालेल्या बेलमाँट अहवालाची (१९७९) तीन तत्त्वं आहेत : व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय. त्यांच्या आधाराने तुमच्या अभ्यासातला धोका कोणता आणि तो कमी कसा करणार, ते लिहा.

तुमच्याकडे धोके असे :

मुलाखत मालकाच्या घरी कधीच नाही. फोनवरची असेल तर 'आत्ता बोलता येईल का' याला फक्त हो-नाही उत्तर पुरेल असा प्रश्न आधी ठरवून ठेवा. आवाजी निरोप पाठवला की फोनवरून पुसायला शिकवा. काही घरांत बाईचा फोन मालकीण बघते.

संमती वाचून दाखवायची आणि तोंडी घेऊन नोंदवायची. सहीचा कागद हाच कधीकधी सगळ्यात धोकादायक पुरावा असतो. माघार कोणत्या तारखेपर्यंत घेता येईल ते सांगा. विश्लेषण झाल्यावर माहिती वेगळी काढता येत नाही.

नावं आणि नोंदी वेगवेगळ्या जागी ठेवा. दोन्ही जोडणारी यादी कूटबद्ध करा. ध्वनिमुद्रण कधी पुसणार त्याची तारीख लिहा.

कोंडून ठेवणं, मारहाण, पासपोर्ट काढून घेणं असं काही समोर आलं किंवा बाई अठराच्या आतली निघाली तर काय करणार? मदत करणारी जागा, माणूस आणि क्रम आधी ठरलेला हवा.

आणि सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा : ओळख संघटनेने करून दिली की नाही म्हणणं अवघड होतं. कोण हो म्हणाली, कोण नाही, हे संघटनेला कळणार नाही अशी व्यवस्था करा. कार्यकर्ती मुलाखतीला बसणार नाही, हेही टिपणात येऊ द्या.

---

पाणवठा

आराखड्याचं राहिलं होतं. ते पान 'जागृती', 'सक्षमीकरण' या शब्दांनी भरू नका. चार ओळींचा तक्ता पुरे : निर्णय कोणता, घेणार कोण, कधी, आणि त्यांना तुमची कोणती माहिती लागेल. उदाहरणार्थ : नमुना-करारातलं विश्रांतीचं कलम, संघटनेची सर्वसाधारण सभा, अकरावा महिना, हाकेला हजर राहण्याच्या तासांचा तक्ता. त्याखाली एक गृहीतक लिहा जे चुकू शकतं, जसं की 'मालक लेखी करार करायला तयार होतील'. ते चुकलं तर दुसरी वाट कोणती, हेही. गृहीतक नसलेला आराखडा मला तरी नुसत्या इच्छांच्या यादीसारखा वाटतो.

'सहभागी संशोधन' लिहिणार असाल तर पायरी सांगा. लोकांचा सहभाग किती खरा आहे ते दाखवणाऱ्या शेरी आर्नस्टाइन यांच्या १९६९च्या शिडीत आठ पायऱ्या आहेत. सल्ला घेणं ही चौथी, भागीदारी ही सहावी. पाच घरकामगार बायकांचा गट प्रश्न ठरवणार आणि अहवालातली अवतरणं नाकारू शकणार असेल तर ती भागीदारी. नुसती गटचर्चा घेणार असाल तर तसंच लिहा, त्यात कमीपणा नाही.

संघटनेशी लेखी करारनामा करा, दीड पान पुरे. नोंदी कोणाच्या, आधी प्रसिद्ध कोण करणार, आणि निष्कर्ष संघटनेला गैरसोयीचे निघाले तर काय. शेवटच्या मुद्द्यावर भांडणं होतात. 'संघटनेला तीस दिवस आधी मसुदा मिळेल, त्यांचं वेगळं मत अहवालात जोडलं जाईल, पण निष्कर्ष बदलता येणार नाहीत' असं कलम दोघांनाही सांभाळतं.

---

कोरडा_आकडा

बजेट : पैसे द्या, पण 'मानधन' किंवा 'बक्षीस' म्हणून नाही, तर 'वेळ व प्रवासाची भरपाई' म्हणून. दर त्या भागातल्या घरकामाच्या तासाच्या दराइतका. फार जास्त ठेवला तर नाही म्हणण्याचं स्वातंत्र्य जातं, शून्य ठेवला तर फुकट राबवणं होतं. वेळ-नोंदीचे आठ दिवस रोज दहा मिनिटं धरली तर ८० मिनिटं, अधिक एक तास मुलाखत, अधिक ये-जा. ती मधेच थांबली तरी तोवरची भरपाई मिळेल असं लिहा.

स्वतःची पाठ्यवृत्ती आणि संशोधन-खर्च वेगळे दाखवा. हमखास विसरली जाणारी खाती : दुभाषी, मुलाखत उतरवून घेणं, निष्कर्ष बायकांना परत सांगण्याच्या बैठका, यजमान संस्थेचा व्यवस्थापन-खर्च, पाठ्यवृत्तीवरचा कर. अनपेक्षित खर्चाला ५ ते १० टक्के. नवा लॅपटॉप मोठ्या रकमेने दाखवला की बाकीचं बजेटही संशयाने वाचलं जातं.

---

मोकळा_समास

सगळ्यांचे खूप आभार. प्रश्न आणि नमुना दोन्ही बदलतेय. आणखी दोन शंका : घरी राहणाऱ्या बायका संघटनेच्या बैठकीला येतच नाहीत, त्या १२ जणी शोधायच्या कुठे? आणि शिफारसपत्रं कोणाची घ्यावीत?

---

उंबरठा

शिफारस : एक पद्धत जाणणाऱ्याची, एक तुमचं लोकांमधलं काम बघितलेल्याची. दोन्ही प्राध्यापकांची नकोत. प्रस्तावाचा मसुदा आणि पाच मुद्दे त्यांना आत्ताच पाठवा. ऑनलाइन अर्जात त्यांचे पत्ते भरल्यावरच त्यांना दुवा जातो आणि तो बऱ्याचदा स्पॅममध्ये पडतो. म्हणून ते रकाने पहिल्या आठवड्यात भरून टाका.

घरी राहणाऱ्या : सुट्टीच्या दिवशी त्या जिथे जमतात त्या जागा बघा. प्रार्थनास्थळं, बागा, गावी पैसे पाठवण्याची दुकानं. एरवी, मुलांना शाळेच्या बसला सोडायला येण्याची वेळ. येऊन-जाऊन काम करणाऱ्या बायकाच शेजारच्या घरातल्या राहत्या बाईला ओळखतात, साखळी तिथून सुरू करा. पण हे लक्षात घ्या की यातल्या बहुतेक जागांवर भेटणारी बाई घराबाहेर पडू शकणारी असते. जिला सुट्टीच नाही, फोनही नाही, ती तुमच्या २४ जणींत येणार नाही, आणि तुमचा प्रश्न नेमका तिच्याबद्दलचा आहे. मर्यादांच्या परिच्छेदात तसं सरळ लिहा : 'या अभ्यासात आढळलेली विश्रांती प्रत्यक्षातल्या विश्रांतीपेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे.' शक्य झालं तर काम सोडून आलेल्या तीन-चार राहत्या बायकांच्या मुलाखती घ्या. त्यांना आता मोकळेपणी बोलता येतं. फक्त त्यांच्या नोंदी आठवणीतल्या आहेत, म्हणून रोजच्या वेळ-नोंदींत मिसळू नका, वेगळ्या ठेवा.