डाउनलोडचा वेळ सांगायला चार ओळींची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) पुरते का? सोलापूरच्या चार भागांतले चौघे वाद घालताहेत.

विजापूर रोड:
माझ्या मते पुरते. फाइलचा आकार गुणिले ८ (एका बाइटचे आठ बिट), भागिले लाइनचा वेग. ४.७ जीबीची आयएसओ (डिस्कची अख्खी प्रत असलेली फाइल) १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) ३७६ सेकंदांत यायला हवी. डेटा पॅकेट नावाच्या तुकड्यांत येतो, प्रत्येकामागे हेडरला (पत्ता वगैरे माहितीला) थोडी जागा जाते, म्हणून १०० ऐवजी ९४ धरा, ४०० सेकंद. चहा टाकायचा की जेवायला बसायचं एवढंच ठरवायचं असतं. त्यासाठी सेकंदासेकंदाला उड्या मारणारा आकडा कशाला हवा? पथ्य एकच, आकार बाइटमध्ये घ्या. विंडोज हीच फाइल ४.३७ जीबी दाखवतं, कारण तिथे हिशोब १०२४ च्या पटीत असतो. तो आकडा उचलून अब्जाने गुणलात की उत्तर सात टक्के कमी आलंच.

नवी पेठ:
गुणाकार बरोबर, भाजक हवेतला. १०० ही तुमच्या लाइनची कमाल मर्यादा. समोरचा सर्व्हर किती देतोय, घरात दुसरं कोण काय बघतंय, दोन भिंतींपलीकडे वायफाय किती उरतंय, यातलं ती काहीच सांगत नाही. महिन्याचा कोटा संपला असेल तर विषयच मिटला. ज्या सर्व्हरवरून फाइल घ्यायची, त्याच्याकडूनच एक तुकडा उतरवून मोजा. कर्लला (कमांड देऊन फाइल उतरवणारं टूल) रेंज, म्हणजे कुठून कुठपर्यंतचे बाइट हवेत ते द्या, आउटपुट डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात टाका, शेवटी सरासरी वेग छापायला सांगा. तो बाइटमध्येच येतो, तेव्हा परत ८ मध्ये पडू नका.

जुळे सोलापूर:
काय बे, तुकडा केवढा ते सांगितलंच नाही! १ एमबीचा घेतलात तर प्लॅनच्या आकड्यापेक्षा जास्त फसाल. टीसीपी (डेटा पोचवायची नेटवर्कची पद्धत) आधी साधारण दहाच पॅकेट सोडतं, पोच आली की दुप्पट, परत दुप्पट. सर्व्हर परदेशात, जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद धरा. १ एमबी पोचायला सात फेऱ्या, त्याआधी हँडशेकच्या, म्हणजे जोडणी जुळवायच्या, दोन. ०.९ सेकंद गेले, म्हणजे वेग निघाला सेकंदाला १.१ एमबी. या हिशोबाने तीच आयएसओ सव्वा तासाच्या आसपास! म्हणून तुकडा नाही, वेळ ठरवा, २० सेकंद. मुदत संपली की कर्ल २८ नंबरची एरर देऊन थांबतं, वेग मात्र छापतं. स्क्रिप्टमध्ये ‘एरर आली की थांब’ लावलेलं असेल तर ती तिथेच मरते, तेवढं सांभाळा.

विजापूर रोड:
सात मिनिटांच्या कामाला २० सेकंदांची चाचणी, आणि त्यात २५० एमबी वाया? मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कोण करतंय हे?

नवी पेठ:
वाया कशाला घालवता, चालू डाउनलोडच मोजा की. दर ५ सेकंदांनी अर्धवट फाइलचा आकार बघा. वाढ भागिले ५ हा आत्ताचा वेग. त्याचे २० टक्के आणि जुन्या सरासरीचे ८० टक्के असं मिसळत गेलं की आकडा नाचत नाही.

अशोक चौक:
तुम्ही तत्त्वावर भांडताय, स्क्रिप्ट पडते ती भलतीकडेच. रीडायरेक्ट असला, म्हणजे सर्व्हरने दुसऱ्या पत्त्यावर धाडलं, की उत्तरात फाइलची लांबी सांगणारी ओळ (हेडर) दोन-तीनदा येऊ शकते, त्यातली शेवटची घ्यायची. एचटीटीपी-टूमध्ये (वेबच्या नियमावलीची दुसरी आवृत्ती) हेडरची नावं स्मॉल अक्षरांत येतात, तेव्हा शोधताना कॅपिटल-स्मॉल बघू नका. ओळीच्या शेवटी न दिसणारं कॅरेज रिटर्न हे चिन्ह असतं. ते काढलं नाही तर बॅश (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) आकडेमोडच नाकारतं, आणि एरर वाचून काही कळतही नाही. शिवाय बॅशला अपूर्णांक ठाऊक नाहीत. भागाकार ऑक या टूलकडे द्या आणि वेग शून्य असला तर भागूच नका, ‘अडकलंय’ एवढंच छापा. काही सर्व्हर लांबी सांगतच नाहीत, तिथे अंदाज देऊ नये. आणि एरिया-टूसारखा डाउनलोडर फाइलची जागा आधीच राखून ठेवतो. नवी पेठवाल्यांची स्क्रिप्ट तिथे सुरुवातीलाच ‘झालं’ म्हणेल.

नवी पेठ:
मान्य, तिथे एरिया-टू स्वतः दाखवतं तेच वाचावं लागेल. पण म्हणून प्लॅनच्या आकड्याकडे परत जायचं काही कारण नाही.

विजापूर रोड:
आहे ना. कॉलेजच्या लॅबमध्ये ४० मशीनवर हीच आयएसओ एका लाइनवरून उतरवायची म्हटलं तर १८८ जीबी होतात. ८ ने गुणून ९४ ने भागा, जवळपास साडेचार तास. हे बटण दाबायच्या आधी कळतं, म्हणून एकदाच उतरवून लॅनवर (लॅबच्या आतल्या नेटवर्कवर) वाटायचं हेही आधीच ठरतं. तुमची सरासरी सुरूच होते ती चाळीसही मशीन लाइनला लटकल्यावर.