मदत हवी आहे: फोटो एडिटिंगसाठी २७ इंची मॉनिटर, अ‍ॅडोबी आरजीबी घ्यावा का?

नमस्कार मंडळी, फोंड्यात लग्नाचे अल्बम आणि शिगम्याचे फोटो एडिट करायला मॉनिटर हवाय. आयपीएस पॅनल (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा) आणि किमान २५६० × १४४० पिक्सेल हे नक्की. २७ इंचांवर फोर-के (३८४० × २१६०) घेतला तर विंडोजमध्ये स्केलिंग (अक्षरं, आयकॉन मोठे करणं) १५० टक्के ठेवावं लागतं, तरी बारीक शार्पनिंग तपासायला तोच बरा का?

खरी अडचण रंगांची. प्रिंट काढणारी लॅब एसआरजीबी (नेहमीच्या स्क्रीनचा रंगांचा पट्टा) जेपेगच घेते. मग ९९ टक्के अ‍ॅडोबी आरजीबीचे (त्याहून मोठा रंगांचा पट्टा) जादा पैसे का मोजायचे? शिवाय अशा वाइड गॅमट (जास्त रंग दाखवणाऱ्या) पॅनलवर कलर मॅनेजमेंट नसलेल्या, म्हणजे फोटोचं कलर प्रोफाइल न वाचणाऱ्या व्ह्यूअरमध्ये गुलाल नुसता भडकतो. एसआरजीबी मोड लावला तर बऱ्याच मॉनिटरांत ब्राइटनेस लॉक होतो, आणि मला १०० ते १२० निट्सच (उजेडाचं माप) हवेत. त्याहून उजेड ठेवला की प्रिंट काळपट येतात. असा लॉक नसलेलं मॉडेल कोणतं?

बेनक्यूची एसडब्ल्यू मालिका की आसुसचा प्रोआर्ट? पहिल्यात हार्डवेअर कॅलिब्रेशन (रंगांची दुरुस्ती थेट मॉनिटरमध्येच साठवणं) आहे. कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र) वेगळा घेणारच; पांढरा डी६५ आणि उजेड-सावलीचा गॅमा २.२ असं सेट करायचंय.

पणजी-म्हापशात डेमो पीस लावून कोपऱ्यांतला आयपीएस ग्लो (काळ्या स्क्रीनवर दिसणारी फिकट चमक) बघू देणारं दुकान असल्यास तेही सांगा. ऑनलाइन पॅनल म्हणजे लॉटरीच.